भागिले दहा

काटेवालीच्या माहेरी एक सोपा हिशेब होता. आईनं काही सांगितलं की त्याला दहानं भागायचं आणि उरेल ते खरं धरायचं. आई म्हणाली की बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, हजार माणूस होतं, की समजायचं शंभर. आई म्हणाली की दहा रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, की समजायचं एक रात्र जागरण झालं, आणि तेही शेजारणीशी गप्पा मारताना. आईला याचं काही वाटत नसे. उलट ती म्हणायची, लोक भागतात हे ठाऊक असल्यामुळे मलाच आधी गुणून ठेवावं लागतं, नाहीतर माझ्या वाट्याला काय राहील?

आणि अशा बाईच्या पोटी आली कोण, तर काटेवाली. ती दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत फिरायची. लाकडी पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये पितळी वजनं, पेटी खांद्याला, आणि काटा केसभर जरी इकडचा तिकडे दिसला तरी तिच्या कपाळाला आठी. दुकानदार तिला लांबून बघूनच पारडी पुसायला घ्यायचे. ही माझी नव्हेच, असं आई येईल त्याला सांगायची. दवाखान्यात बदललेली आहे, माझी खरी लेक कुठंतरी मजेत थापा मारत बसली असेल. मग लगेच पुढचं वाक्य, की ही जन्मली तेव्हा अशी काही किंचाळली की भिंतीवरचं घड्याळ घाबरून उलटं फिरायला लागलं. बाळंतपणाला गेले तेव्हापेक्षा दोन वर्षांनी तरुण होऊन मी घरी आले.

काटेवाली दर वेळी म्हणायची, "आई, पुरे." आईचं मात्र कधी पुरे झालं नाही.

तर त्या काटेवालीचे दिवस भरले, आणि पोटातलं बाळ उलटं बसलं. डोकं वर, पाय खाली, मांडी ठोकून. डॉक्टरीणबाईंनी पोटावरून हात फिरवला, मशीनवर बघितलं आणि म्हणाल्या, हे काही स्वतःहून उतरणारं नाही, आपल्यालाच वर जाऊन आणावं लागेल. सकाळी सकाळी काटेवालीला हिरवा झगा घातला, हाताला सुई टोचली, आणि ढकलगाडीवरून आत नेलं. दारापर्यंत नवरा एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला. नवरा बेकरीवाला, पहाटेचा पाव भट्टीतून काढून तसाच आलेला, भुवयांवर मैदा. त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, म्हणून तो नुसता शिंकला.

आतली खोली इतकी गार की काटेवालीचे दात वाजायला लागले. तिला उठवून बसवलं आणि मांजरासारखी पाठीची कमान काढायला सांगितली. काढली. कमरेत सुई गेली आणि थोड्या वेळानं पाय कुणा दुसऱ्याचेच झाले. छातीपुढे हिरवा पडदा. पडद्यापलीकडे डॉक्टरीणबाई कुणाला तरी सांगत होत्या की नव्या चपला चावतात. दुखत काही नव्हतं, पण सगळं कळत होतं. जुन्या पेटाऱ्यात तळाशी गेलेली वस्तू हुडकताना माणूस कसा कोपरापर्यंत हात घालून उलथापालथ करतो, तसं चाललेलं. काटेवाली छताकडे बघत होती आणि कान पडद्याकडे.

मग एक आवाज आला. रडणं म्हणावं असा नाही. तेल न घातलेल्या बिजागरीसारखा, एकदा, दोनदा. मग काही नाही.

पडद्याच्या कडेनं एक गाठोडं घाईघाईनं गेलं. त्यातून एक तळपाय बाहेर आलेला, निळसर, पाण्यात खूप वेळ राहिल्यासारखा सुरकुतलेला. तेवढाच दिसला. दार उघडलं, मिटलं.

डॉक्टरीणबाई वाकून म्हणाल्या, "मुलगी झाली. श्वास जरा भराभर घेतेय, छातीत थोडं पाणी राहिलंय. वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत ठेवतोय. घाबरायचं काही कारण नाही."

माणसाला घाबरवायचं असेल तर याच्यापेक्षा चांगलं वाक्य अजून कुणी बनवलेलं नाही.

वॉर्डात आणून टाकलं तेव्हा काटेवाली पानासारखी थरथरत होती. दोन ब्लँकेटं घातली. उशी नाही, मान उचलायची नाही, पाय तर हलणारच नव्हते. एका हाताला सलाईन, पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी, आणि पोटावर जणू कुणीतरी विटांचा थर रचून निघून गेलेलं. तिनं पहिलं विचारलं ते बाळाचं. बेकरीवाला पलंगाचा दांडा धरून उभा होता. त्यानं मान खाली घातली. तो काचेच्या खोलीच्या दारापर्यंत गेला होता. तिथं त्याला शिंक आली. दुसरी आली. तिसरी यायच्या आत तिथल्या नर्सनं त्याला जिन्याकडे वळवलं. मैदा आहे हो, सर्दी नाही, हे त्यानं परोपरीनं सांगितलं. पण शिंक ती शिंक, असं त्यांचं म्हणणं पडलं. घरच्या एकाच माणसाला आत जायचा पास मिळत होता, आणि मोबाईल बाहेर ठेवायचा नियम होता, म्हणजे फोटोचीही सोय नाही. तेव्हा पास गेला आईकडे.

काटेवालीनं डोळे मिटले. सगळ्या जगात बाळाला बघणारं घरचं माणूस एकच, आणि ते म्हणजे तिची आई. आता आई येईल आणि सांगेल की बाळ काचेतून उठून बसलं, नर्सला नमस्कार केला, वजन बारा किलो, डोळे बशीएवढे. आपण दहानं भागू. निदान भागायला काहीतरी हाताशी येईल, असं म्हणून ती दाराकडे डोळे लावून पडली.

आई आली. स्टुलावर बसली. पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "ठीक आहे."

काटेवाली वाट बघत राहिली. पुढं काही आलं नाही.

"ठीक म्हणजे?"

"ठीक म्हणजे बरी आहे. श्वास घेतेय."

"आणि केस?"

"आहेत."

"खूप आहेत?"

आईनं उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. "बेताचे," ती म्हणाली.

बेताचे. हा शब्द आईच्या तोंडून काटेवालीनं जन्मात ऐकला नव्हता. पायाला ठेच लागली तर पाय तुटला म्हणणारी, अंगणात बेडूक आला तर त्याला वासराएवढा करणारी बाई. हिच्याकडे बेताचं असं काही नव्हतंच कधी. काटेवालीच्या पोटात खड्डा पडला. आता पोट तर शिवलेलं, तरी पडला. तिनं सवयीनं भागायला घेतलं. हजाराला भागलं की शंभर राहतात. पण 'ठीक'ला दहानं भागलं तर काय राहतं? श्वास घेतेय, याला भागलं तर? आणि तिचं मन ते गणित सोडवेना नि सोडूनही देईना.

शेजारच्या पलंगावर एक बसची कंडक्टरीण होती. तिचंही पोट चिरून झालेलं, एक दिवस आधी. तिचा मुलगा तिच्या कुशीत सुखानं चोखत पडलेला. बाई उंच, दणकट, आवाज असा की शेवटच्या सीटपर्यंत पोहोचावा. पण आई आत आल्याबरोबर कंडक्टरणीनं भिंतीकडे तोंड फिरवलं, चादरीचा बोळा तोंडात कोंबला, आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले. काटेवालीनं ते बघितलं. परकी बाई आपल्यासाठी रडते आहे, आणि आपल्याला कुणी काही सांगत नाही.

मोठ्या सिस्टर फेरीला आल्या. त्यांच्या चपलांचा आवाज आला की अख्खा वॉर्ड नीट झोपायचा. त्यांनी नाडी बघितली, पोट दाबून बघितलं (तेव्हा काटेवालीला दिवसा चांदण्या दिसल्या), पिशवी बघितली, आणि शाळेचा निकाल विचारावा तशा खणखणीत आवाजात विचारलं, "गॅस पास झाला?"

बेकरीवाला खिडकीतून बाहेर बघायला लागला. काटेवाली म्हणाली, नाही. मग अजून तोंडानं काही घ्यायचं नाही, असं सांगून सिस्टर पुढच्या पलंगाकडे निघाल्या. बाळाचं विचारलं तर म्हणाल्या की वर डॉक्टर आहेत, चाललंय व्यवस्थित. मला वर न्या म्हटलं तर म्हणाल्या, पायात जीव येऊ दे, नळी निघू दे, दारापर्यंत चालून दाखव, मग बघू.

आता खरं तर गॅसचा विषय निघाला आणि आई गप्प बसली, हेही कधी घडलेलं नव्हतं. या एका विषयावर आईकडे दोन-तीन तासांचा माल होता. तिचे एक चुलते होते म्हणे, त्यांना गावकरी वादळ यायच्या आधी वाऱ्याला वारा भिडवायला घराबाहेर काढून ठेवायचे. पण आई स्टुलावर बसून रिकाम्या पिशवीच्या घड्या घालत होती. घातलेली घडी मोडत होती, पुन्हा घालत होती. काटेवाली बघत होती. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली.

दुपारपर्यंत पायाचा अंगठा हलला. काटेवालीनं तो पुन्हा पुन्हा हलवून बघितला, जणू अंगठ्याच्याच जोरावर ती वरचा मजला चढणार होती. डोक्यावर पंखा टक टक करत फिरत होता आणि तिला वाटत होतं की याला कुणीतरी एकतर दुरुस्त करा नाहीतर फोडा. कूस बदलावी तर टाके ओढतात, न बदलावी तर पाठ जळते. एक नर्स वाटी घेऊन आली आणि छातीतून दाबून दाबून चार पिवळे थेंब काढले. एवढ्यासाठी वाटी आणली याचीच काटेवालीला लाज वाटली. नर्स म्हणाली, हे सोनं आहे, वर घेऊन जाते. पिते का ती, असं विचारलं तर म्हणाली, सध्या नळीनं देतोय.

नळी. आईनं नळीचं सांगितलंच नव्हतं. आईनं सांगितली असती तर ती नळी रस्त्यावरच्या पाइपाएवढी असती, आणि काटेवाली तिला भागून भागून दोऱ्याएवढी करून निवांत झाली असती.

तिनं नवऱ्याला डॉक्टरांकडे पिटाळलं. तो जाऊन आला, शिंकला, आणि म्हणाला की डॉक्टर म्हणतात, सुधारतेय. पण बेकरीवाल्याचं ऐकायचं तर त्याचीही एक खोड होती. भट्टीत पाव करपला की तो गिऱ्हाईकाला सांगायचा, आज जरा खमंग झालाय. काटेवालीनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्यानं पुन्हा शिंक काढली आणि रुमालामागे लपला.

आणि आई सारखी वर जायची. पास हातात आला होता, त्याचं सोनं करत होती. जायची ती बराच वेळ यायची नाही, आणि यायची तेव्हा तिचा आवाज बसलेला असायचा. दर फेरीला थोडा जास्तच. संध्याकाळपर्यंत तर घशातून नुसती खरखर येत होती. डोळे लाल. काटेवालीनं विचारलं की घशाला काय झालं. आई म्हणाली, काही नाही, वर एसी आहे. एवढं वर जाऊन, काचेपाशी उभं राहून आई काय करत असेल, हे काटेवालीला डोळ्यांपुढे दिसत होतं. रडत असेल, दुसरं काय.

सरळ विचारावं की आई, ती वाचणार आहे का, तर जीभ रेटत नव्हती. विचारलं म्हणजे उत्तर येणार. म्हणून तिनं आडून प्रयत्न केला.

"आई, एखादी गोष्ट सांग ना. घड्याळ उलटं फिरलं ती सांग."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं आईकडे थाप मागितली होती. आईचं तोंड उघडलं. डोळ्यांत काहीतरी लकाकलं. मग तिची नजर दाराजवळच्या टेबलाकडे गेली, तिथं मोठ्या सिस्टर औषधं मांडत होत्या. आईनं तोंड मिटलं.

"नको," ती म्हणाली. "झोप तू."

कंडक्टरणीनं पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं.

ती रात्र काटेवालीनं कशी काढली ते तिचं तिलाच ठाऊक. तिला तो तळपाय दिसत राहिला. डोळे मिटले तरी तोच आणि उघडले तरी तोच.

उजाडल्यावर लघवीची नळी काढली. नर्सनं तिला कुशीवर वळवलं, हाताला धरून बसवलं, आणि खोली एकदा पूर्ण गोल फिरून जागेवर आली. पाय जमिनीला लागले तेव्हा काटेवालीला वाटलं की पोट खाली गळून पडणार. पडलं नाही. कंडक्टरीण आपल्या पलंगावरून सूचना देत होती, शेवटी हाडाची वाहक. सरळ उभ्या राहू नका, वाका. खाली बघू नका, समोर बघा. खोकला आला तर थांबा. मग तिनं आपल्या डोक्याखालची छोटी उशी काढून काटेवालीकडे दिली.

"पोटाशी घट्ट धरा. आणि हसू आलं तर दाबायची, अजिबात सोडायची नाही. मला हिनंच वाचवलं."

हसू. काटेवालीला वाटलं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. पण उशी घेतली.

नर्सनं सांगितलं, दारापर्यंत जायचं आणि परत यायचं, मी औषध घेऊन आले. आई तेव्हा वॉर्डात नव्हती. पहाटेच वर गेली होती, कुणाला न सांगता. काटेवालीनं तो रिकामा स्टूल बघितला आणि तिच्या पायात कुठून बळ आलं कोण जाणे. दारापर्यंत गेली. दारापासून परत यायचं होतं. ती बाहेर वळली.

मागून कंडक्टरीण ओरडली, "अहो बाई, इथं स्टॉप आहे." पण काटेवाली कसली थांबते. एक हात भिंतीला, एक हात उशीला, कमरेत वाकलेली, झग्याच्या नाड्या मागे लोंबताहेत. दुकानदारांनी या अवस्थेत तिला बघितलं असतं तर पारडी न पुसताच समोर केली असती. पाऊल टाकलं की टाके ओढायचे, थांबलं की जीव ओढायचा. कॉरिडॉरच्या टोकाला लिफ्ट होती. लिफ्टमध्ये धुवायच्या चादरींची हातगाडी, आणि ती ढकलणारा माणूस. तो म्हणाला, बाई, ही सामानाची आहे. काटेवाली म्हणाली, मी सामानच आहे, आणि चादरींना टेकून उभी राहिली. त्या बिचाऱ्यानं वरच्या मजल्याचं बटण दाबलं.

वर उतरली तर शांत. चकचकीत फरशी, चपलांचं कपाट, आणि पुढं अर्धवट लोटलेलं दार. काटेवाली दाराशी पोहोचली आणि पुढचं पाऊल टाकवेना. इथवर भिंत धरत आली, आता दार ढकलायचं तर हात उचलेना. दाराआड जे असेल ते असेल, पण ढकललं की ते कायमचं होईल.

आणि मग आतून आवाज आला. बसलेला, खरखरीत, पण ओळखीचा.

"तर मग काय झालं, डॉक्टरीणबाईंनी तुझ्या आईचं पोट उघडलं आणि बघतात तर आत दोन खोल्या आणि गॅलरी. आणि तू गॅलरीत पाय सोडून बसलेली. त्या म्हणाल्या, चला, खाली उतरा. तर तू म्हणालीस, आधी तुमचा काटा तपासून घ्या, मग उतरते. शेवटी सात डॉक्टर दोर बांधून आत सोडले. सहा परत आले. सातव्याला अजून शोधताहेत. तुझ्या आईला सांगू नकोस, उगीच पोटात गडगडलं की दचकेल."

काटेवाली भिंतीला टेकली.

"आणि रडतेस काय ग ठमे. काल खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं कानातलं यंत्र काढून ठेवलं, म्हणाला, आता गरज नाही. आणि केसांचं तर बोलूच नको. त्या नर्सताईंचा कंगवा काल तुझ्या केसांत शिरला तो आज सकाळी पलीकडून निघाला, येताना दोन हरवलेल्या पिना घेऊन."

केस. दोन पिना. काटेवालीनं भागायला घेतलं नाही. मरायला टेकलेल्या बाळापाशी कुणी असलं बोलत नाही, तिची आई तर नाहीच. तिची आई दुःखात मुकी होते, हे तिला बाबा गेले तेव्हा कळलं होतं. ही बाई आत्ता सुखात आहे, तुडुंब सुखात आहे. एवढं सुख एका घशाला पेललं नाही म्हणून घसा बसला आहे.

मग हसू आलं. ते पोटातून आलं आणि पोटात तर टाके. काटेवालीनं उशी दाबली, ओठ चावले, डोळ्यांतून पाणी काढलं, तरी ते थांबेना. हसतेय आणि आई ग म्हणतेय, आई ग म्हणतेय आणि हसतेय. आणि त्या भरात, ज्या बातमीची मोठ्या सिस्टर कालपासून वाट बघत होत्या, ती बातमी काचेच्या खोलीच्या दारात, चांगली मोठ्यानं, जाहीर झाली.

दार उघडलं. आतली नर्स बघतच राहिली. तिनं आधी काटेवालीला खुर्चीत बसवलं, मग रागावली, मग हात धुवायला लावले. तिच्यामागे आई उभी होती, चोरी पकडल्यासारखा तोंडावर हात.

"मी हिला एक शब्द सांगितलेला नाही," आई नर्सला म्हणाली. "विचारा खाली. एक शब्द नाही."

मग सगळं बाहेर आलं. काल काटेवाली आत असताना आईला धीर धरवेना, तेव्हा तिनं शेजारच्या कंडक्टरणीला वेळ जावा म्हणून चुलत्यांची ती वादळाची गोष्ट सांगितली. कंडक्टरीण अशी हसली की टाक्यातून रक्त आलं. थेंबच आला, पण मोठ्या सिस्टर धावत आल्या. त्यांनी आईला दारात उभं करून बजावलं की टाक्यांच्या बायकांपुढे पुन्हा असलं काही बोललात तर बाळाचा पास काढून घेईन, तुमच्या लेकीपुढे तर तोंडच उघडू नका, तिचे टाके ताजे असतील. पास गेला असता तर बाळाला बघायला घरचं कुणीच उरलं नसतं. म्हणून आईनं तोंडाला कुलूप घातलं. खाली साठत गेलं ते वर येऊन ओतलं. हिला टाके नाहीत ना, असं आई काचेकडे बोट दाखवून म्हणाली.

"आणि मला वाटलं, ही गेली," काटेवाली म्हणाली.

"कोण गेली?"

"ही."

आईचा हात तोंडावरून खाली आला. "अगं पण मी तर ठीक आहे म्हणाले."

"तू ठीक आहे म्हणालीस, म्हणूनच."

आई खुर्चीजवळ आली आणि लेकीचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मेले, इतकी वर्षं मला पुरे म्हणत होतीस."

नर्सनं काचेचं झाकण वर केलं. नाकातली नळी सकाळीच काढलेली, गालावर चिकटपट्टीची लाल खूण तेवढी राहिली होती. छाती आता सावकाश वरखाली होत होती. केस काळेभोर आणि सगळे उभे, भट्टीची हवा लागल्यासारखे. काटेवालीनं आधी चेहरा बघितला नाही. तिनं दुपट्याचं टोक वर केलं आणि तळपाय बघितला. गुलाबी होता. सुरकुत्या त्याच होत्या. तिनं त्याला बोट लावलं तर तो आखडला, रागानं.

मग नर्स म्हणाली की वजनाची वेळ झाली, थांबा, घेऊन टाकते आणि मग मांडीवर देते. तिनं बाळाला काट्यावर ठेवलं. काट्याच्या कोपऱ्यात तपासणीचा शिक्का होता, गेल्या वर्षी काटेवालीनंच स्वतःच्या हातानं मारलेला. काटा थरथरला आणि थांबला. नर्सनं वाचलं, दोन किलो सातशे. आईनं ओठ घट्ट मिटून घेतले, पण नजर लेकीवर.

काटेवालीनं खुर्चीतून पुढं वाकून काट्याकडे बघितलं. शिक्क्याकडे बघितलं. बाळाच्या उभ्या केसांकडे बघितलं.

"हा काटा चुकतोय," ती म्हणाली. "फार कमी दाखवतोय."

नर्स गडबडली. काटेवालीचा धंदा तिला आईकडून कळलेला, तेव्हा तिनं बाळ उचललं, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. दोन किलो सातशे.

"परत कमीच," काटेवाली म्हणाली.

"कितीनं कमी?" आईनं हळूच विचारलं.

"दहापट."

नर्स एकदा हिच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. आईनं पदर सारखा केला, घसा साफ केला, आणि खुर्चीतल्या लेकीवर डोळे वटारले.

"पुरे," ती म्हणाली. "लहान बाळासमोर थापा मारू नयेत."